अननसाची एजन्सी आणि मुकं लग्न

गनी तांडेलला संस्कृतीची गोडी लागली ती अननसामुळे. अननस जास्त खाल्ला की जिभेला चरे पडतात हे आपल्याला ठाऊक आहे, पण अननसाने माणूस एकदम कलाप्रेमी होतो हे दुबईत चौसष्ट साली प्रथमच दिसलं.

झालं असं. दुबईच्या देरा भागातल्या बाजारात खाडीच्या अंगाला गनीचं दुकान होतं. बिस्किटं, टॉर्च, साबण आणि डब्यातला माल. त्यात तैवानचे अननसाचे डबे आले. पिवळ्याधमक चकत्या, वर पाक. रमजानात तर लोक तुटून पडले. गनीच्या मनात आलं, या डब्यांची सबंध किनाऱ्याची एजन्सी आपल्याला मिळाली तर बस, खलास, मग कुणासमोर मान खाली घालायला नको. तेव्हापासून तो झोपेतसुद्धा चकत्या मोजायचा, असं त्याची बायको हाफिजा सांगायची.

एजन्सीच्या वाटेत दोन माणसं होती. एक म्हणजे कमरुद्दीन खतीब. हा आपल्याच दाभोळच्या खाडीपलीकडचा. पण मुंबईच्या उर्दू घराण्यातली बायको केल्यापासून त्याला आपण कोकणात जन्मलो हे आठवेनासं झालं होतं. घरात उर्दू, दुकानात उर्दू, शिंक आली तरी उर्दूत द्यायचा. चारचौघांत गनी भेटला की हा हमखास विचारायचा, "आपके वालिद साहब तो जहाज़ पर थे ना?" गनीचा बाप गलबतावर तांडेल होता, चाळीस माणसांना घेऊन वादळातून आलेला माणूस. पण कमरुद्दीनच्या तोंडी 'जहाज़ पर' असं यायचं की गनीला वाटावं, बाप नुसता डेक पुसायचा. शेवटी गनीने दुकानाच्या पाटीवरून 'तांडेल' काढून टाकलं आणि नुसतं 'अब्दुल गनी साहब' ठेवलं.

दुसरा माणूस म्हणजे लिन. हा तैवान सरकारचा सांस्कृतिक अधिकारी. कुवेत, बहरीन, दुबई असा दौरा करत आपल्या बेटाची कला जगाला दाखवत हिंडत होता. जगाने आपल्याला विसरू नये, म्हणून आपली कला परदेशी पाठवावी, असं त्याच्या सरकारचं म्हणणं. म्हणणं वाईट नव्हतं. फक्त कलेच्या सोबत लिनला पाठवलं, इथे घोटाळा झाला. कारण अननसाच्या कारखान्याचा मालक लिनचा मेहुणा होता, आणि कोणत्या गावात एजंट कोण, ते लिन येताजाता ठरवून टाकायचा. गनीला भेटल्यावर त्याने इंग्रजीत सांगितलं की संस्कृतीने देशांची दारं उघडतात. गनीला कळायचं ते कळलं. दाराच्या आत डबे रचून ठेवलेत.

तेव्हा गनी म्हणाला, माझ्या गोदामासमोरच्या अंगणात प्रोग्राम करा, सगळा बंदोबस्त माझा. कमरुद्दीननेही हेच सांगितलं होतं, पण त्याच्याकडे अंगण नव्हतं. लिनने गनीचं अंगण घेतलं आणि कमरुद्दीनला स्वागत समितीचा अध्यक्ष केलं. हा लिन कुठल्याही देशात उपाशी मरणार नाही, हे गनीने तेव्हाच ओळखलं.

आता आपल्या लोकांना समजावणं आलं. बासष्टची लढाई होऊन दोन वर्षं झालेली. 'चिनी' म्हटल्यावर बाजारातले अर्धे लोक बाह्या सरसावू लागले. गनी दुकानोदुकानी हिंडून सांगत सुटला, अरे बाबांनो, हे ते नव्हेत, हे दुसरे, यांचं त्यांच्याशी आपल्याहून जास्त वाकडं आहे. लोकांना ते पटलं असं नाही. पण बिर्याणी आहे म्हटल्यावर वाद मिटला.

लिनने आणखी एक पाचर मारून ठेवली होती. त्याचं म्हणणं, एक्स्चेंज म्हणजे आम्ही आमचं दाखवणार, तुम्ही तुमचं दाखवा. तुमची संस्कृती काय? डबे, टॉर्च, साबण यांचे भाव गनीला झोपेतून उठवलं तरी सांगता आले असते. पण आपली संस्कृती काय, हे त्याला कुणी गिऱ्हाइकाने आजवर विचारलं नव्हतं. कमरुद्दीनने लगेच तोडगा काढला. आपण कव्वाली ठेवू. कव्वाल कुठाय? कव्वाल नाही, ग्रामोफोन आहे. तेव्हा ठरलं की आधी आपली तबकडी वाजेल, मग त्यांचा खेळ होईल.

त्यांचा खेळ म्हणजे हाताच्या बाहुल्यांचा. पंजात घालून नाचवायच्या, वीतभर उंचीच्या, पण काय ते रेशमी कपडे आणि काय ती डोळ्यांची कोरणी. त्या बाहुल्या नाचवणारा को नावाचा म्हातारा लिनच्या मागे मागे पेटी धरून यायचा. चार पिढ्यांचा धंदा. पण लिनने त्याला सक्त ताकीद दिली होती, की तोंड उघडायचं नाही. कारण को बोलायचा ती त्याच्या बेटावरची बोली, आणि लिनच्या सरकारला वाटायचं की ती बोली म्हणजे भाजीबाजाराची, देवळापुढच्या खेळाची. परदेशात शोभेल अशी भाषा म्हणजे सरकारी चिनी. को ला ती धड येत नव्हती. म्हणून लिनने राजधानीतल्या रेडिओवाल्यांकडून सगळे संवाद टेपवर भरून आणले होते. म्हाताऱ्याने नुसते हात हलवायचे. ज्याची कला म्हणून ढोल पिटायचा, त्याच्याच तोंडाला बूच, असा हा कारभार.

गनीने हे ऐकून मान डोलावली. त्याला यात काहीच वावगं वाटलं नाही. त्याच्या घरीही तेच चाललं होतं.

घरी त्याची आई मैमुनाबी आलेली होती. हाफिजाच्या बाळंतपणासाठी बोटीने आली, ती आता पोरगं दोन महिन्यांचं होईतो राहिली होती. मैमुनाबी म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांवर नावाजलेली बाई. आपल्याकडे लग्नात नवरदेव दारात आला की बायका गाण्यांतून त्याची, त्याच्या आईची, त्याच्या सात पिढ्यांची खेचतात ना, त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचं एक म्हणणं पक्कं होतं. लग्न मुकं जाऊ द्यायचं नाही. मुकं लग्न म्हणजे अपशकुन. शत्रूच्या घरचं असलं तरी दारातला नवरा गाणं ऐकल्याशिवाय आत येता कामा नये. कमरुद्दीन लग्न करून मुंबईची नवरी घेऊन दारात आला तेव्हा तिला बोलावणं नव्हतं, तरी ती होडीने खाडीपलीकडे जाऊन गाऊन आली होती.

पण दुबईत गनीने तिला बजावलं होतं, कुणी आलं की उर्दूत बोल, नाहीतर गप्प बस. तिला उर्दू कळायची सगळी, बोलायला जीभ वळायची नाही. ती म्हणायची, "बाबा, माजी जीब काय तुजा टॉर्च हाय, बटन दाबलं की दुसरीकडं फिरायला?" आणि गप्प बसायची. गनीला ते पुरेसं होतं.

को ची पेटी गनीच्या घरी ठेवली होती, म्हणून को सकाळी तिथेच यायचा. मैमुनाबी त्याच्यापुढे घावणे ठेवायची, कधी सांदणं. ती आपल्या बोलीत विचारायची, तो त्याच्या बोलीत सांगायचा. दोघांचं बरं जमायचं. एकदा तर तिने बाहुलीचा झगा उलटा करून टाके बघितले आणि त्याला काहीतरी सुनावलं, त्यानेही हात ओवाळून काहीतरी सुनावलं, आणि दोघं हसली. नेमका तेव्हाच लिन आत आला आणि को वर खेकसला. त्याच क्षणी गनी आईवर खेकसला. दोन साहेब, दोन भाषा, पण बोलणं एकच. दोन्ही म्हातारी माणसं खाली बघत बसली.

प्रोग्रामचा दिवस उजाडला. अंगणात गालिचे, समोर खुर्च्या. ब्रिटिश कचेरीतला एक गोरा साहेब, दोन-चार अरब व्यापारी, इराणी शेजारी, आणि मागे बसलेला आपला सगळा गोतावळा. एका बाजूला शिडाचं कापड टांगून बायकांची सोय. पलीकडच्या गोदामवाल्याकडून जनरेटर मागून आणलेला. कमरुद्दीन शेरवानी घालून आला होता. त्या उकाड्यात तो आतून वाफाळत होता, पण अध्यक्षपद काढून ठेवलं नाही.

मगरीबच्या नमाजानंतर सुरुवात झाली. आधी कमरुद्दीनचं उर्दू भाषण, मग तबकडीवर कव्वाली. गोऱ्या साहेबाने विचारलं, ही तुमची इकडचीच का? कमरुद्दीन म्हणाला, अगदी घरची. मग पडदा सरला आणि टेप लागली. म्हणजे बघा, आधी आमचं मशीन बोललं, मग त्यांचं मशीन बोललं. देवाणघेवाण झाली ती मशिनांची. माणसं आपली मधे घाम पुसत बसली होती.

टेपवरच्या चिनीचं उर्दू करायला गनीने मुश्ताकला उभा केला होता. मुश्ताक त्याच्या दुकानातला मुनीम. रत्नागिरीला उर्दूत मॅट्रिक, आणि तेव्हापासून स्वतःला शायर समजणारा. चिनी त्याला येत नव्हती. लिनने गोष्टीचा सारांश इंग्रजीत दिला होता, इंग्रजीही त्याला बेताचीच. गोष्ट अशी की एक शूर सेनापती लग्नाच्या दिवशी बोहल्यावरून उठतो आणि आधी देश सोडवीन मग संसार करीन असं लांबलचक भाषण देतो. लिनच्या सरकारला भाषण हवं होतं, लग्न हे आपलं निमित्त. मुश्ताकने त्यात बुलबुल, शमा, परवाना असं सगळं घातलं. मागच्या रांगेत गावाकडची पोरं एकमेकांना विचारत होती, हा काय म्हणतोय? कुणालाच कळत नव्हतं, म्हणून सगळे अदबीने माना डोलावत होते. गनी समाधानात होता. लिन हसत होता. हसताना त्याने गनीकडे बघून बोटाने एक गोल काढला. गनीला तो चकतीचा वाटला.

सेनापती नवरीच्या दारात आला, नवरी समोर, नवऱ्याची आई बाजूला, आणि जनरेटर खोकला. दोनदा खोकला आणि बंद पडला. टेप घर्रर्र करून थांबली. कुणीतरी पेट्रोमॅक्स पेटवला. रंगमंचावर नवरा उभा, नवरी उभी, कुणी काही बोलेना. मुश्ताकची शायरी टेपबरोबरच आटली. लिन जनरेटरकडे धावला. को चे हात वर तसेच. त्याला तोंड उघडायची बंदी होती.

आता तुम्हीच सांगा, दारात नवरा उभा, नवरी वाट बघत, आणि सगळं चिडीचूप. शिडाच्या कापडामागे मैमुनाबी बसली होती. तिने किती वेळ सहन करायचं? लग्न चिनी की जपानी, बाहुल्यांचं की माणसांचं, तिला काय त्याचं. मुकं चाललं होतं एवढं खरं. कापडाआडून तिचा आवाज आला, वादळातसुद्धा ऐकू जावा असा, तांडेलाच्या बायकोचा.

"नवरा आयलाय दारात गो, बोलाया त्येला येत नाय,
आयशीला इचारल्याबिगर गो, पाऊल पुढं घेत नाय!"

मग मागच्या सगळ्या रांगेला हसू फुटलं. आणि रंगमंचावर काय व्हावं? सेनापतीने हळूच मान वळवली, आधी कापडाकडे, मग आपल्या आईकडे, आणि तिच्या झग्यामागे लपला. को ला एक शब्द कळला नव्हता. पण चार पिढ्या लग्नाचे खेळ केलेल्या माणसाला नवऱ्याची खेचतायत हे कळायला शब्द कशाला हवेत. मग त्या नवऱ्याच्या आईच्या बाहुलीला कंठ फुटला. चिरक्या, भांडखोर आवाजात, त्याच्या बेटाच्या बोलीत, हात नाचवत तिने कापडाकडे बघून असं काही सुनावलं की आतल्या बायका ओरडल्या, मैमुनाबी, सोडू नको तिला!

सोडते कशाची.

"सदरा कुणाचा मागून गो, पगडी कुणाची मागून,
घरची भाकर सोडून गो, पंगत बघतो वाकून!"

सेनापतीने घाबरून स्वतःची पगडी चाचपली, काढली, उलटसुलट बघितली आणि नवरीच्या डोक्यावर ठेवून दिली. अरब व्यापारी मांडीवर थापा मारत होते. इराणी शेजारी डोळे पुसत होता. गोरा साहेब खुर्चीवरून उठून उभा राहिला. बायका टाळ्यांवर ताल धरत होत्या. देश सोडवायचं राहिलंच, सेनापतीचं निमूटपणे लग्न लागलं आणि म्हातारा को मागे बोलत होता, बोलत होता, कित्येक वर्षांचं साठलेलं सगळं बोलून घेत होता.

सगळ्या अंगणात दोनच माणसं हसत नव्हती. एक लिन, जनरेटरची दोरी हातात धरून. दुसरा गनी. खरं सांगायचं तर पहिल्या गाण्याला गनीलाही हसू आलं होतं, अगदी पोटातून, लहानपणीचं. त्याला वाटलं होतं, ऊठ, ओरडून सांग, ही माझी आय. पण तेवढ्यात त्याची नजर लिनच्या तोंडावर गेली आणि हसू आल्या वाटेने परत गेलं.

खेळ संपला. टाळ्या थांबेनात. कमरुद्दीनने हीच वेळ साधली. लिन आणि गोरा साहेब दोघेही ऐकतील अशा बेताने त्याने विचारलं, गनी साहब, ये मोहतरमा कौन थीं? त्याला पक्कं माहीत होतं कोण ते. स्वतःच्या लग्नात त्याने याच आवाजाचा मार खाल्ला होता. लिन गनीकडे बघत होता. त्याच्या बघण्यात अननसाचा सगळा कारखाना होता.

गनी म्हणाला, "कोई नहीं. बावर्चीख़ाने में मदद के लिए एक बाई रखी है, गाँव की. तमीज़ नहीं है."

कापड दोन हातांवर होतं. आत टाळ्या वाजत होत्या, त्या एकेक करून थांबल्या.

गोऱ्या साहेबाचं मात्र समाधान होईना. त्याने लिनचा हात धरून विचारलं, तो म्हातारा कोण, असा कलावंत मी जन्मात बघितला नाही. लिनने गनीकडून धडा घेतला असेल किंवा आधीच पाठ केला असेल. तो म्हणाला, हा काही कलावंत नव्हे, पेटी उचलणारा माणूस आहे, आमचे खरे कलावंत आजारी पडले. को शेजारीच बसून बिर्याणी खात होता. त्याला इंग्रजी येत नव्हती, हे त्याचं नशीब. लिनने आणि गनीने एकमेकांकडे बघितलं, आणि हात मिळवले. दोन देशांच्या संस्कृतींची खरी भेट झाली ती त्या हातांत. आपलं ठेवावं झाकून म्हणतात ते हेच.

एजन्सी गनीला मिळाली. कमरुद्दीनच्या तोंडाला पानं पुसून लिन बोटीवर चढला. को ने जाताना मैमुनाबीला भेटायचं म्हटलं, पण लिनला घाई होती. म्हाताऱ्याने ती चिरक्या आवाजाची नवऱ्याची आई पेटीतून काढली आणि हाफिजाच्या हातात दिली. तिच्याशिवाय त्याचा पुढचा खेळ कसा होणार होता, देव जाणे.

खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गनी चहाला बसला. मैमुनाबी कप घेऊन आली, बाजूला उभी राहिली, आणि म्हणाली, "साहब, चाय." जीभ अडखळली, पण वळली.

गनी हसला. त्याला वाटलं थट्टा आहे, दुपारपर्यंत निवळेल. दुपारी तो जेवायला बसला तर ती बसेना. रोज त्याच्या ताटातल्या माशाचा काटा काढून देणारी बाई भिंतीशी उभी. और कुछ चाहिए, साहब? तो चिडला, मग गयावया केली, मग हाफिजाला मधे घातलं. मैमुनाबी हाफिजाशी आपल्या बोलीत भरभरून बोलायची, शेजारणींशी बोलायची, त्या लाकडी विहिणीशीसुद्धा भांडायची. नातवाला मांडीवर घेऊन गायची. गनीची पावलं वाजली की गाणं थांबायचं आणि ती उठून उभी राहायची. पुढे पुढे तो दाराबाहेर चपला काढून भिंतीला पाठ लावून उभा राहू लागला. तेवढं ऐकू यायचं.

तिची बोट आली. अब्राने, म्हणजे खाडीतल्या होडीने, धक्क्यापर्यंत सगळे गेले. गनीने तिच्याबरोबर द्यायला अननसाचा एक खोका आणला होता, पहिल्या शिपमेंटमधला, वर नवीन एजन्सीचं नाव छापलेला. गावात वाटायला. हाफिजाला तिने पोटाशी धरलं, नातवाच्या कानात काहीतरी सांगितलं. मग गनीपुढे आली. गनीने खोका पुढे केला आणि म्हणाला, "आय, एकदा तरी शिवी दे गो." सबंध धक्क्यावर, कमरुद्दीनचे दोन नोकर ऐकत असताना, आपल्या बोलीत.

मैमुनाबीने डोक्यावरचा पदर सारखा केला. खोक्याकडे बघितलं.

"मदद की बाई को इतना कौन देता है, साहब?" ती म्हणाली, आणि शिडी चढून गेली.

बोट सुटेपर्यंत गनी तिथेच उभा होता. मग हमालाने विचारलं, खोक्याचं काय करायचं. गनीने तो परत दुकानात नेला, डबे फडक्याने पुसले आणि फळीवर बाकीच्यांबरोबर लावून ठेवले. माणूस धंद्याचा होता. संध्याकाळपर्यंत खपले.